पेठेतले घर विकण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवार पेठेतला वाडा विकून काका-काकूंसाठी जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यावा, हा तुझा विचार मला मनापासून पटतो, कारण त्या उंच पायऱ्या आता दोघांनाही झेपत नाहीत. मात्र वाड्याच्या किमतीतून फ्लॅटची किंमत वजा करून उरणाऱ्या रकमेला तू नफा म्हटले आहेस, ते मला मान्य नाही. पेठेतली अख्खी जमीन देऊन तू जमिनीतला एक लहानसा वाटा आणि दरवर्षी जुनी होत जाणारी इमारत घेणार आहेस; उरलेली रक्कम हा त्या फरकाचाच मोबदला आहे.

त्या रकमेतही आत्यांचा हिस्सा निघू शकतो. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, त्यांची नावे असतील, तर हक्कसोडपत्राचा, म्हणजे हिस्सा सोडल्याच्या लेखी दस्ताचा, आग्रह धरण्यापेक्षा त्यांचा वाटा आनंदाने द्यावा, असे मला वाटते.

फ्लॅट काकूंच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळेल, हे तू बरोबर लिहिलेस. पण वाडा विकणारे काका आहेत. भांडवली नफ्यावरचा, म्हणजे विक्रीची किंमत आणि खरेदीची किंमत यांतल्या फरकावरचा, कर वाचवायचा, तर ज्याला नफा झाला त्यानेच विक्रीनंतर 2 वर्षांत तयार घर घ्यावे किंवा 3 वर्षांत बांधावे, अशी अट आहे. वाडा 2001 पूर्वीचा असल्याने 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. ते मूल्यांकन करून घेऊन, 1 टक्क्याची सवलत आणि वाचणारा कर यांची तुलना केल्यावरच नाव ठरव. माझा कल काकांच्या नावाकडे आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नोंदणी मुळीच करू नकोस: ताबा लांबला तर ती मुदत हातची जाईल, शिवाय जीएसटी भरावा लागेल, जो भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार फ्लॅटवर लागत नाही.

आता पाणी. उजनी धरणाचे पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येते, हे पुण्यात राहून सहज विसरले जाते. वाड्यात हौद आहे, आडही आहे. फ्लॅटमध्ये काकूंचा सगळा दिवस तळटाकीच्या आकारावर आणि एप्रिल-मेमध्ये बोअर टिकते की नाही यावर अवलंबून राहील. लिफ्टइतकीच चौकशी याचीही व्हायला हवी, टँकरचा खर्च कसा वाटून घेतात तेही विचारावे लागेल.

तू येशील तेव्हा आपण पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या इमारतीत जाऊ आणि तिथे राहणाऱ्यांशी बोलू. तोपर्यंत विसार देऊ नकोस.

तुझा मित्र