बाबांना बसवून ठेवू नकोस

दादर, मुंबई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. परवा फोनवर तू म्हणालीस, "काचबिंदूचं कळल्यापासून त्यांना अंगणातसुद्धा उतरू देत नाही, सगळं हातात देते." ऐकलं आणि मला ओटीवरची माझी वेताची खुर्ची आठवली. नजर गेली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. "बस तू, मी आणते," असं दिवसातून कितीदा म्हणायचीस! मायेनंच ना, ठाऊक आहे मला. पण बसून बसून वजन चढलं, कंबर धरली, पस्तिशीत साखर निघाली. डोळ्यांनी नव्हतं केलं हे.

आता रोज सकाळी सहाला मी शिवाजी पार्कात असते, ऑफिसातली मैत्रीण जोडीला. आम्हां दोघींच्या हातात एक छोटी दोरी, दोन्ही टोकांना बोटं अडकवायला फासे. वळण आलं की तिचा हात वळलेला मला दोरीतूनच कळतो. ती बोलते ते एवढंच, "खड्डा", "पायरी", "कुत्रं झोपलंय". कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास, अशा तीन. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये नजर अधू असलेल्या सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, तेही असंच, वाट दाखवणाऱ्या अभय सिंगच्या जोडीनं धावून.

बाबा पडतील ही तुझी भीती खोटी नाही. पण तोल नुसत्या डोळ्यांवर राहत नाही गं. आतला कान, तळपाय, सांधे हेही सांभाळतात. बसून राहिलं की पायांतली ताकद जाते, मग माणूस जास्तच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं ते अपंगांनाही लागू आहे: आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोलाचा नि ताकदीचा.

काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते, म्हणून ते दाराच्या चौकटीला धडकतात. पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग लावून घे. वाटेतली बादली, पाट उचल. चालताना त्यांना ओढू नकोस, त्यांनीच तुझं कोपर धरावं आणि तू अर्धं पाऊल पुढे राहा.

बाबा, तुमचं शीर्षासन मात्र बंद. चाळीस वर्षांची सवय आहे, जड जाईल. पण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. बाकी कुठली आसनं चालतील ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि थेंब चुकवू नका, एकही दिवस.

पुढच्या महिन्यात येतेय. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत आपण दोघं जाऊ. समोरचं तुम्ही बघा, कडेचं माझी काठी बघेल. तोवर त्या घसरणाऱ्या स्लिपर टाकून मागे पट्टा असलेले सँडल घ्या.

तुमची,
सुमी