बाबांचे कान, आईचा गळा

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी विचारलं, "बाबा, शुगर तपासलीत का?" आणि बाबा म्हणाले, "हो, सुपारी सोलून झाली." आई मागून काहीतरी सांगत होती, पण तिचा घसा इतका बसला होता की मला वाटलं फोनच बिघडला. म्हणून हे पत्र. वाचायचं दोघांनी. म्हणजे "मला ऐकू नाही आलं" ही बाबांची पळवाटही बंद.

बाबा, इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मी तुमचं सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नोकरी कुठे होती, गिरणीत?" म्हटलं, नेव्हीत, बॉयलर रूमला. मग पुढचं त्यांनीच सांगितलं. कानाच्या आत अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काढली की त्या मरतात आणि मेलेल्या परत येत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. म्हणून तुम्हाला वाळूचा डंपर ऐकू येतो, समोरच्यांचा कुत्रा ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' हरवतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते लागत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज सगळ्यात आधी निसटतो. तेव्हा आई, "हे माझंच नेमकं ऐकत नाहीत" या तुझ्या तक्रारीला आता वैद्यकीय आधार मिळाला आहे. मुद्दाम नाही करत ते. निदान दरवेळी तरी नाही.

तारागिरी ही युद्धनौका 1980च्या मे महिन्यात नौदलात दाखल झाली तेव्हा बाबा तिच्या पहिल्या क्रूमध्ये होते, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. माझगाव डॉकने बांधलेलं, वाफेवर चालणारं जहाज. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात जे शिकलात ते इथे अंगावर आलं, असं तुम्ही म्हणता. चार तासांची वॉच म्हणजे पाळी, अंगातल्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे, आणि कानात कॉटन वेस्टचे बोळे, तेही आठवण झाली तर. ब्लोअरच्या आवाजात बोलणं शक्यच नाही, म्हणून सगळं हातवाऱ्यांवर. तेल वाढव, तेल कमी कर, पाण्याची काच बघ. घरी आल्यावरही तुम्ही चहा हाताच्या खुणेनेच मागायचात. आजी चिडायची, "मुका झालास काय रे?" तिला कोण सांगणार!

मला सगळ्यात आवडते ती मालदीवची गोष्ट. तेव्हा तुम्ही गोदावरी या युद्धनौकेवर होतात. नोव्हेंबर 1988. मालेवर भाडोत्री बंडखोर उतरले, आपली विमानं आग्र्याहून सैनिक घेऊन गेली आणि ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या बोटीतून पळणाऱ्यांना गोदावरी आणि बेतवाने समुद्रात गाठलं. आम्ही भावंडं दरवर्षी विचारायचो, "बाबा, तुम्ही काय पाहिलंत?" तुमचं ठरलेलं उत्तर, "गेज पाहिला." वर तोफ डागली तेव्हा जहाज हललं एवढंच खाली कळलं, आणि जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवरून वेगाची मागणी येत होती, तेवढी वाफ द्यायची होती. लहानपणी मला या उत्तराचा राग यायचा. वर्गात सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता नोकरीत इतकी वर्षं घालवल्यावर वाटतं, यापेक्षा खरं उत्तर मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि त्याच महिन्यात आई काय करत होती? रेडिओवर बातमी ऐकून तिने पत्र टाकलं होतं. द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठे आहे ते लिहायचं नाही, विचारायचं नाही. पत्रांचा गठ्ठा एकदम मिळायचा म्हणून ती प्रत्येक अंतर्देशीयवर कोपऱ्यात क्रमांक घालायची. हजेरीपट लिहिणाऱ्या बाईचं प्रेमही अनुक्रमणिकेनेच जायचं.

आई, आता तुझा गळा. डॉक्टर म्हणाले स्वरतंतूंवर गाठी असाव्यात, शिक्षकांना, गायकांना होतात तशा. दुर्बीण घालून बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाहीत. पण कारण विचारलंस तर मी सांगते. दापोली तालुक्यातली ती वाडीची शाळा, दोन खोल्या, पहिली ते चौथी. कागदावर दोन शिक्षक. पण दुसरे गुरुजी कधी जनगणनेला, कधी निवडणुकीला, कधी केंद्रावर मीटिंगला. मग जोडवर्ग. एका भिंतीकडे पहिली-दुसरी 'कमळ, बदक' गिरवतेय, दुसऱ्या भिंतीकडे तिसरी-चौथी भागाकार करतेय, आणि वर पत्र्यावर आपला कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबर त्या पत्र्याखाली बोलायचं म्हणजे ओरडायचंच. मी तुझ्याच वर्गात होते, मला माहीत आहे. शेवटच्या रांगेपर्यंत तुझा 'बे एके बे' पोचायचा आणि घरी आल्यावर तू गरम पाण्याच्या गुळण्या करत बसायचीस.

वर भातलावणीचे दिवस. 1995 पासून शाळेत ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायला लागले. नेमकी लावणीत पोरं शेतावर, हजेरी घसरायची, आणि ज्या घराला तांदळाची गरज सगळ्यात जास्त त्याच घराचे तांदूळ बुडायचे. तू हजेरीपटावर खोटी खूण केली नाहीस. सकाळी सातला चिखलातून बांधाबांधाने जायचीस आणि लांबूनच हाक मारायचीस. पोरं हातातली रोपं टाकून यायची. आया ओरडायच्या. तू त्यांच्याहून मोठ्याने. मुलींना हजेरीचा दिवसाला एक रुपया भत्ता होता, त्याचा हिशेब तू वेगळ्या वहीत ठेवायचीस, पै न पैचा. त्या एका रुपयाने कोणी शाळेत आलं असेल असं मला वाटत नाही. तुझ्या हाकेने आल्या असतील.

निसर्ग वादळाचं मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. 3 जून 2020. लॉकडाऊनमुळे मी घरीच होते. दुपारपर्यंत आपली नारळ-पोफळीची वाडी आडवी झाली, वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. माणूस अशा वेळी आधी आपलं छप्पर बघतो. तुम्ही दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेकडे निघालात. आईला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. शाळेचे पत्रे शेजारच्या आंब्यात अडकले होते आणि आतल्या कपाटात पाणी. आईने आधी काय काढलं? जनरल रजिस्टर. टीव्ही नाही, वजनकाटा नाही. वाडीतल्या तीन पिढ्यांच्या जन्मतारखा त्यात, शाळा सोडल्याचा प्रत्येक दाखला त्यातूनच निघतो. पानं एकमेकांना चिकटली होती. व्हरांड्यात बसून आईने एकेक पान झाडूच्या हिराने सोडवलं आणि मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले. शाईची नावं फुटत होती, ती पुन्हा गिरवायची नाहीत, नुसती वाळू द्यायची, असा तिचा मला दम. गिरवलं तर तो बदल ठरतो म्हणे, आणि उद्या एखाद्याचा दाखला त्यावर अडायचा.

बाबा तेवढ्या वेळात ताडपत्री बांधत होते. दोरांच्या गाठी हे सीमन लोकांचं काम, आम्ही बॉयलरवाले स्टोकर, असं एरवी हेच म्हणतात. पण त्या दिवशी वाशाला मारलेल्या गाठी सगळ्या पावसाळ्यात सुटल्या नाहीत. आई खालून सांगत होती, "डावीकडे ताणा!" बाबांना ऐकू येत नव्हतं. शेवटी आईने हाताने खूण केली, बॉयलर रूमची, आणि बाबांनी दोर ताणला. ही खूण आई कधी शिकली ते मला अजून माहीत नाही.

4 डिसेंबरला नौदल दिन म्हणून गावात बाबांना शाल-श्रीफळ मिळतं आणि सूत्रसंचालन करणारा मास्तर आईचा विद्यार्थी असतो. मला त्या समारंभाचं फारसं काही वाटत नाही, खरं सांगते. शाल कपाटात जाते, कान तसेच राहतात.

तर मुद्द्यावर येते. बाबा, "सरकारचं फुकटचं कशाला" हे वाक्य यापुढे चालणार नाही. नेव्हीतून सुटताना मेडिकलला विचारलं तेव्हाही तुम्ही "सब ठीक" म्हणून मोकळे झालात, हे तुम्हीच हसत सांगितलंय. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, फुकट नाही, बॉयलरपुढच्या प्रत्येक वॉचने तुम्ही त्याचे पैसे भरलेत. पॉलिक्लिनिकला जायचं, तिथल्या डॉक्टरांना ऐकू येत नाही असं स्पष्ट सांगायचं, ते पुढे कानाच्या तपासणीला पाठवतील. तपासणीच्या वेळी बटण आवाज आला तरच दाबायचं, अंदाजाने नाही. तुम्ही अंदाजाने दाबाल, मी ओळखते तुम्हाला. यंत्र एका कानाला सांगितलं तर एक, दोन सांगितली तर दोन. "म्हातारा दिसेन" याला माझ्याकडे उत्तर नाही, सत्तरी झालीय.

पहिले काही दिवस भांडी पडली तरी डोक्यात घण बसतील. हे सगळ्यांना होतं. म्हणून यंत्र डबीत घालून कपाटात ठेवायचं नाही. आधी घरात तासभर, मग दोन तास, असं वाढवायचं. आंघोळीला काढायचं.

आई, संध्याकाळी ओटीवर तू स्कॉलरशिपच्या पोरांना शिकवतेस ते बंद कर असं मी म्हणणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस. पण दुर्बीण घालून घे, मी पैसे पाठवते, पेन्शनचा विषय काढू नकोस. तोवर कुजबुजत बोलायचंही नाही, त्यानेही ताण येतो. पाणी पीत राहा. कमरेला बांधायचा छोटा माइक कुरिअरने पाठवला आहे, शिक्षक वापरतात तो. गुरुवारपर्यंत येईल. चार्जिंगची वायर डब्याच्या तळाशी आहे, डबा फेकू नका.

बाबांचं कार्ड, आधार आणि दोन्हींच्या झेरॉक्स आई तुझ्या पर्समध्ये ठेव, त्यांच्या खिशात नको. रिक्षावाल्या दादांना मी सांगून ठेवलंय, मंगळवारी सकाळी आठला येतील. उत्तर पाठकोऱ्या कागदावर लिहिलं तरी चालेल, पण दोघांनी लिहा.

तुमची,
बाय