वित्से वेनेमा यांना, लॉगमधल्या त्या एका ओळीबद्दल

आदरणीय वेनेमा साहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उमटणाऱ्या इशाऱ्याच्या एका ओळीबद्दल आभार चारचौघांसमोर मानायचे आहेत, म्हणून उघडपणे लिहितो आहे. शाळा, पतसंस्था, एखादं दुकान अशा तीन-चार डोमेनची मेल एकाच युनिक्स मशीनवर सांभाळणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. मेल स्वीकारून पोचवणाऱ्या तुमच्या पोस्टफिक्स या प्रोग्राममुळे त्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

सगळी डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ या सेटिंगच्या यादीत कोंबली की घोळ सुरू होतो. तिथलं डोमेन म्हणजे मशीनचं स्वतःचं. पोस्टफिक्स मग @ च्या डावीकडचं नाव घेतं आणि त्या नावाचा युनिक्स युझर शोधतं. शाळेचा ‘इन्फो’ आणि पतसंस्थेचा ‘इन्फो’ त्याच्या लेखी एकच. पालकाने दाखल्यासाठी केलेला अर्ज पतसंस्थेच्या कारकुनासमोर उघडतो आणि कर्जदाराचा खातेउतारा मुख्याध्यापकांसमोर. हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, लोकांच्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर येतात. यावर उपाय म्हणजे ती डोमेन ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’ या दुसऱ्या यादीत टाकायची. मग पेटी ठरते ती पूर्ण पत्त्यावरून, आणि सगळ्या पेट्यांची मालकी एकाच साध्या युझरकडे राहते. बहुतेक जण त्याला ५००० हा युआयडी (युझरचा क्रमांक) देतात.

बदल करताना नवी नोंद होते आणि जुनी तशीच राहून जाते, इथे भलेभले अडकतात. डोमेन दोन्हीकडे असलं की ‘मायडेस्टिनेशन’चं चालतं. पत्ता खरा, पेटी जागेवर, तरी पाठवणाऱ्याला ५५० चा, म्हणजे कायमचा, नकार जातो: लोकल यादीत असा युझर नाही. ‘पोस्टमॅप -क्यू’ या आज्ञेने पेट्यांच्या पत्त्यांचा तक्ता तपासला तर उत्तर अगदी बरोबर येतं, कारण तक्त्यात दोष नसतोच. मग माणूस डीएनएस (डोमेनच्या नावांची नोंदव्यवस्था) उकरतो, फायरवॉल उकरतो, पेट्या उघडून देणाऱ्या डोव्हकॉट या प्रोग्रामवर संशय घेतो. पैसे मोजून ठेवलेल्या होस्टिंगवाल्यांकडे गेलं तर तिथून ‘आमच्याकडून सर्व्हर चालू आहे, एमएक्स बदला आणि चोवीस तास थांबा’ हे पाठ केलेलं उत्तर मिळतं (एमएक्स म्हणजे डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी डीएनएसमधली नोंद). लॉग उघडून बघायची तसदी कोणी घेत नाही. सर्व्हर चालू असतो हे खरंच, म्हणून तर तो इतक्या तत्परतेने नकार देत असतो! त्या चोवीस तासांत किती पत्रं परत गेली याचा हिशोब त्यांच्याकडे कुणी मागत नाही.

आणि लॉगमध्ये तर उत्तर लिहिलेलं असतं. त्या डोमेनची मेल आली की तुमचा प्रोग्राम इशारा नोंदवतो: अमुक डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’ या दोन्हींत लिहू नका. डोमेनचं नाव घेऊन. दोन्ही याद्यांची नावं घेऊन. इंग्रजी ओळीतला ‘दोन्ही’ हा शब्द तर मोठ्या अक्षरांत, म्हणजे धावत्या नजरेतून निसटू नये. पुढे करायचं एवढंच उरतं की ‘मेन डॉट सीएफ’ या सेटिंगच्या फाइलमधून, ‘मायडेस्टिनेशन’च्या यादीतलं ते एक नाव खोडायचं आणि ‘पोस्टफिक्स रीलोड’ द्यायचं.

साहेब, या ओळीबद्दल तुमचे आभार मानावे तितके थोडे. मेल पोचवायला तिची गरज नव्हती. नकार दिला, नियम पाळला, एवढ्यावर थांबला असतात तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण समोरचा माणूस नेमका कुठे ठेचकाळेल याचा विचार तुम्ही आधी केलात, आणि असल्या सल्ल्यांसाठी ‘हेल्पफुल_वॉर्निंग्स’ नावाची वेगळी सेटिंग ठेवून ती मुळातच चालू ठेवलीत. ज्याचं तोंडही कधी पाहणार नाही अशा माणसासाठी एवढी काळजी घ्यायची, याला आम्ही माणुसकी म्हणतो. तुमचा प्रोग्राम शहाणपणाचा आव आणत नाही, ‘मॅन्युअल वाचा’ म्हणून हाकलत नाही; चूक कुठे आहे ते दाखवतो आणि बाजूला होतो. पतसंस्थेच्या खिडकीवर, तलाठी कार्यालयात, दवाखान्यात असं वागणारा एक माणूस भेटला तरी दिवस चांगला जातो.

हीच वृत्ती तुमच्या कामात इतरत्रही दिसते. ‘सॉफ्ट_बाउन्स’ ही सेटिंग चालू केली की ५५० च्या जागी ४५०, म्हणजे तात्पुरता नकार, जातो. पाठवणारा सर्व्हर पत्र परत न करता रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. नवीन डोमेन जोडताना ते चालू ठेवायचं, लॉग स्वच्छ झाला की आठवणीने बंद करायचं. नाहीतर खरोखर चुकलेल्या पत्त्यांची पत्रंही समोरच्याच्या रांगेत दिवसेंदिवस ताटकळतात. १९९८ साली आयबीएमच्या संशोधन केंद्रातून पोस्टफिक्स जगाला खुलं झालं, तेव्हापासून त्यात एकाच अवाढव्य प्रोग्रामऐवजी छोटे छोटे प्रोग्राम आहेत, प्रत्येकाला लागतील तेवढेच अधिकार.

एक मागणं मात्र आहे. ‘व्हर्च्युअल_एलियस_मॅप्स’ या तक्त्यात, म्हणजे एका पत्त्याची मेल दुसऱ्या पत्त्याकडे (एलियस) वळवणाऱ्या यादीत, कुणी अख्ख्या डोमेनची मेल एकाच ठिकाणी पाठवणारी कॅचऑल ओळ घातली, तर ती खऱ्या पेट्यांची पत्रंही गिळते, कारण एलियस आधी पाहिलं जातं. खऱ्या प्रत्येक पत्त्याची ‘स्वतःकडून स्वतःकडे’ अशी ओळ लिहावी लागते. एखादी ओळ विसरली तर पत्र दुसऱ्याच पेटीत जाऊन पडतं आणि लॉगला त्यात काहीच वावगं वाटत नाही. इथेही तुमचा एखादा इशारा असता तर फार बरं झालं असतं.

व्हिक्टर दुखोव्नी यांनाही आमचा नमस्कार सांगा. पोस्टफिक्समधलं डेन (समोरच्या मेल सर्व्हरची ओळख डीएनएसवरून पडताळायची पद्धत) त्यांच्या हातचं आहे, आणि चारही डोमेनचे एमएक्स सर्व्हरच्या एकाच नावाकडे वळवले की त्यासाठी लागणारी टीएलएसए नोंदही (ती ओळख सांगणारी डीएनएसमधली नोंद) त्या एकाच नावाची पुरते.

आपला कृतज्ञ,
चार डोमेनचा एक सर्व्हर सांभाळणारा