बाई, तुम्ही तारीख घातली होतीत

बाई, सा. न. वि. वि.

निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी घाईघाईत "थँक्यू हं बाई" म्हणालो. तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणालात आणि पुढच्या पालकांकडे वळलात. माझ्या मुलाचा आजार तुमच्या एका शेऱ्यामुळे ओळखता आला, तेवढ्यावर भागण्यासारखं ते नव्हतं. घरी येऊन पत्र लिहायला घेतलं आणि चारदा फाडलं. आता जाहीरच लिहितोय, कारण माझ्यासारखा एखादा बाप आत्ता या क्षणी मुलाची वही हातात धरून त्याच्यावर ओरडत असेल. तुमचं नाव घालत नाही. ते तुम्हाला आवडायचं नाही, एवढं वर्षभरात कळलंय.

सुरुवात त्या वहीपासूनच करतो. शुद्धलेखनाची दुरेघी वही. सोमवारच्या पानावर अक्षर नेहमीसारखं, टपोरं, रेघेत बसलेलं. मंगळवारच्या पानावर मूल तेच, पेन्सिल तीच, पण अक्षरं रेघ सोडून वरखाली उड्या मारतायत. काने वाकडे, वेलांट्या अर्ध्यावर सुटलेल्या. एक शब्द तर इतक्या वेळा खोडून लिहिलेला, की तिथे कागदाला भोक पडलं होतं. आणि कोपऱ्यात लाल शाईत तुमचा शेरा: "११ तारीख. आजपासून अक्षर अगदी वेगळे. घरी काही?"

मी तो शेरा तक्रार म्हणून वाचला. संध्याकाळी त्याला समोर बसवून ते पान पुन्हा लिहायला लावलं. तो लिहीत होता, खोडत होता, रडत होता आणि मधूनमधून मान उजवीकडे झटकत होता. "मान नीट ठेव" असं मी त्याला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. मग शेऱ्याखाली सही ठोकून मोकळा झालो. सात वर्षांचा होता हो तो.

पुढच्या आठवड्याभरात आमचं घर ओळखू येईनासं झालं. मान झटकणं, त्याबरोबर घशातून एक बारीकसा "हं", डोळे मिचकावणं हे एकीकडे. दुसरीकडे दारातून जाताना चौकटीला चार वेळा हात लावायचा, चुकलं की परत पहिल्यापासून. अंधारात एकटा झोपणारा मुलगा आईचा पदर सोडेना. दर पंधरा मिनिटांनी लघवीला. घास घशात अडकेल या भीतीने जेवण जवळजवळ बंद, जे काही जायचं ते पातळ. आणि रात्री अंथरुणात पडलं की प्रश्न सुरू.

"बाबा, मी थुंकी गिळली. त्यात काही नव्हतं ना?"

"नाही रे."

"नक्की?"

"नक्की."

"तसं नाही. मगाशी म्हणालास तसं म्हण."

माझ्या "नाही"चा सूर जरा वेगळा लागला तरी चालायचं नाही. एका रात्री मी मोजले, ६३ वेळा. आणि विचारता विचारता रडत म्हणायचा, "मला विचारायचं नाहीये बाबा, पण विचारावंच लागतं." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. अख्खा आजार त्या एका वाक्यात होता हे कळायला मला बराच वेळ लागला. जुन्या लोकांचा 'मंत्रचळ' (डॉक्टरी भाषेत ओसीडी, नको असतानाही तेच तेच करावंच लागणं) हा शब्द मी आयुष्यभर चेष्टेत वापरला होता, तो आता तोंडातून निघत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की हा लक्ष वेधून घेण्याचा प्रकार आहे, थोडे कडक व्हा. आम्ही झालो. त्या दहा दिवसांबद्दल इथे लिहिणार नाही. त्याची माफी त्याच्याकडे मागून झाली आहे.

त्याच दिवसांत तुम्ही त्याला पहिल्या बाकावरून उठवून शेवटच्या बाकावर बसवलंत. मी तुम्हाला रात्री अकराला जो मेसेज पाठवला तो आठवला की अजून कानशिलं तापतात. तुमचं उत्तर दोन ओळींचं होतं: मागे कुणी नसलं की मान हलते ते कुणाला दिसत नाही, आणि तिथून दार जवळ आहे, लघवीला विचारून जावं लागत नाही. बाई, हुशार मुलाला मागे बसवलं म्हणून मी भांडत होतो, आणि तुम्ही त्याच्या मानेच्या मागचा भाग झाकत होतात.

दुसऱ्या डॉक्टर बालरोगतज्ज्ञ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे कधी सुरू झालं? अंदाजे नको, दिवस सांगा." बायको म्हणाली, सुट्टीनंतर. मी म्हणालो, तसा तो लहानपणापासून हट्टीच. दोन आठवड्यांच्या धुमश्चक्रीत आम्हाला खरंच वाटू लागलं होतं की पोरगं पहिल्यापासून असंच आहे. आठवण किती लबाड असते! डॉक्टरांनी शाळेची वही मागितली. मी ती दप्तरातून ओशाळतच काढली.

त्यांनी सोमवारचं आणि मंगळवारचं पान शेजारी शेजारी धरलं. तुमचा शेरा वाचला आणि म्हणाल्या, "या बाईंनी माझं अर्धं काम केलंय." मग तुम्हाला फोन झाला. तुम्ही हजेरीपट बघून सांगितलंत, की त्या तारखेच्या बारा दिवस आधी तो घसा आणि तापामुळे तीन दिवस गैरहजर होता, आणि त्याच आठवड्यात वर्गातली आणखी दोन मुलं घसा दुखतो म्हणून घरी होती. आम्ही तो ताप साफ विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी उतरला, डॉक्टरकडेही नेलं नव्हतं.

दिवसाला एवढं महत्त्व का, ते डॉक्टरांनी समजावलं तसं लिहितो, कारण हे वाचणाऱ्या कुणालातरी लागेल. टिक्स, म्हणजे मान झटकणं, डोळे मिचकावणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली, लहान मुलांत पुष्कळ दिसतात. घशाचा स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा, थोडक्यात 'स्ट्रेप'चा, संसर्गही शाळकरी वयात नेहमीचाच. दोन्ही इतकी सर्रास असली की नुसत्या योगायोगानेही एकामागून एक येतील. पण एरवी टिक्स, मंत्रचळ या गोष्टी हळूहळू वाढतात, कमीजास्त होतात. काही मुलांत मात्र त्या एका रात्रीत, किंवा एकदोन दिवसांत, पूर्ण जोरात उगवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तीन वर्षांपासून वयात येण्यापर्यंतचं वय, मंत्रचळ किंवा टिक्स, अचानक सुरुवात आणि स्ट्रेपशी वेळेचा मेळ. या प्रकाराला त्यांनी 'पँडास' म्हटलं. (आमच्या चिरंजीवांनी हे ऐकून विचारलं, "मला पांडा झालाय?" महिन्याभरात घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.)

यामागची कल्पना अशी, की जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं चुकून आपल्याच पेशींना शत्रू समजतात, कारण जंतूच्या आवरणाचे काही भाग आपल्या पेशींशी मिळतेजुळते असतात. स्ट्रेपनंतरच्या ऱ्हुमॅटिक तापात हृदयाच्या झडपांचं असंच होतं. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यांनी १६८६ मध्ये ज्या नाचऱ्या हातापायांच्या आजाराचं वर्णन केलं, त्यात मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लियाला त्रास होतो. हालचाली आणि सवयी कधी सुरू करायच्या, कधी थांबवायच्या, यात त्या भागाचा हात असतो. पँडासमध्येही तिथेच काही बिघडत असावं, असा तर्क आहे. सगळ्या डॉक्टरांना तो मान्य नाही आणि आमच्या डॉक्टरांनी ते लपवलं नाही. "याची एक अशी रक्ततपासणी नाही. एएसओचा, म्हणजे रक्तातल्या स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, आकडा वाढलेला आला तर स्ट्रेप होऊन गेला एवढंच कळतं. निदान गोष्टीवरून करायचं असतं, म्हणून गोष्ट नीट हवी," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितली, हात पुढे करायला लावले, स्वतःची दोन बोटं घट्ट दाबायला लावली. सिडनहॅमच्या आजारात जीभ बाहेर टिकत नाही आणि पकड सारखी घट्टसैल होते. तसं काही नव्हतं. हृदयाची तपासणी झाली, ती निर्दोष. घशाचा स्वॅब मात्र पॉझिटिव्ह आला. दहा दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालं आणि बजावलं गेलं, की चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी एकही डोस चुकवायचा नाही.

आणि मग ती खोडरबराची गोष्ट. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

ज्या दिवशी औषध सुरू झालं, त्याच सुमारास तुम्ही वर्गात जाहीर केलंत की हा आठवडा खाडाखोडीचा. कुणीही खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. सगळ्यांची खोडरबरं एका डब्यात गोळा केलीत. माझ्या मुलाचंही गेलं, पण चाळिसांत एक म्हणून. पहिल्या दिवशी तो घरी येऊन धाय मोकलून रडला. दुसऱ्या दिवशी रडला, पण कमी. चौथ्या दिवशी वही दाखवत म्हणाला, "बाबा, सात रेघा मारल्या आणि काहीच झालं नाही."

मानसोपचार करणाऱ्या ताईंना आम्ही हे पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "त्यांना कुणी सांगितलं होतं का?" मंत्रचळावरच्या ज्या उपचाराला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात, त्याचा गाभा तोच: जे केल्यावाचून चैन पडत नाही ते न करता थांबायचं, अस्वस्थपणा वर चढू द्यायचा आणि तो आपोआप उतरतो हे अंगानं शिकायचं. अर्थात हे मुलाशी ठरवून, पायरीपायरीने करायचं असतं, एकदम सगळं हिसकावून घ्यायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. तुमच्या डब्याचं त्यांना कौतुक वाटलं ते यासाठी, की त्यात हिसकावणं नव्हतं. सगळा वर्ग सोबत होता.

आम्हालाही पायऱ्या मिळाल्या. रात्रीच्या प्रश्नाला उत्तर एकदाच. नंतर, "हा प्रश्न तुझा नाही, त्या मंत्रचळाचा आहे" एवढंच म्हणून पाठीवर हात ठेवायचा. मला वाटत होतं ६३ वेळा उत्तर देणं म्हणजे माया. प्रत्यक्षात दर उत्तरानं मी पुढच्या प्रश्नाची सोय करत होतो. टिक्सबद्दल तर काहीच बोलायचं नाही, हाच सल्ला. "मान नीट ठेव" म्हटलं की मान जास्तच झटकते.

तिसऱ्या आठवड्यात अक्षर रेघेवर आलं. जेवण महिन्याभरात. मान तीनेक महिन्यांनी शांत झाली, रात्रीचा प्रश्न सगळ्यांत चिवट निघाला. मी मध्यंतरी रात्र रात्र वाचत बसून डॉक्टरांकडे इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देण्याचा, हट्ट धरला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, की १९९९ च्या एका लहान अभ्यासात त्याने फायदा दिसला होता, २०१६ च्या अभ्यासात मात्र खोट्या औषधाच्या तुलनेत ठोस फरक दिसला नाही. ज्यांचा आजार फार तीव्र आहे अशांसाठी त्याचा विचार होतो, तुमचा मुलगा बरा होण्याच्या चढणीवर आहे, असं त्या म्हणाल्या.

पाच महिन्यांनी पुन्हा झालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या वेळी साधी सर्दी, आणि घशाचा स्वॅब निगेटिव्ह. स्ट्रेपवाचूनही असं अचानक होऊ शकतं आणि त्यासाठी २०१२ पासून 'पॅन्स' हे जरा मोठ्या पोटाचं नाव वापरतात, हे तेव्हा समजलं. अँटिबायोटिक दिलं नाही, ताईंच्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढलो. हे दुखणं आम्हाला कुणी सांगण्याआधी कळलं होतं, कारण आता मी रोज वही बघतो. ओरडायला नाही, बघायला. मंगळवारच होता तो दिवसही, कसा कोण जाणे. मी समासात तारीख घातली.

अजून कधीकधी दमला की डोळे मिचकावतो. चौकटीला एकदा हात लावतो, माझ्याकडे बघतो आणि पुढे जातो. तिसरीच्या नव्या बाईंना भेटून आम्ही सगळं सांगितलंय, तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं हे तिथे गेल्यावर कळलं.

ती दुरेघी वही मी रद्दीत जाऊ दिलेली नाही. काल पुन्हा उघडली. "घरी काही?" असं तुम्ही विचारलं होतंत आणि खाली माझी नुसती सही आहे. उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

आपला,
शेवटच्या बाकावरच्या मुलाचा बाबा