अधिकार कोणाला, भुर्दंड कोणाला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज वाचायला मिळतात. रस्ते, घाट, साधुग्राम, गोदावरीचे प्रदूषण आणि त्यासाठीचे कोट्यवधींचे आराखडे, असे सगळे त्यांत असते. मात्र सिंहस्थाच्या आधी किंवा ऐन पर्वणीत साथीचा रोग उद्भवला, तर शहराचे व्यवहार बंद करायचे की नाही हे कोण ठरवणार, कोणत्या आकड्यांच्या आधारे ठरवणार आणि त्या बंदचा खर्च कोण सोसणार, याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये हरिद्वारचा कुंभ करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर भरला होता आणि त्याच महिन्यात नाशिकमध्ये रुग्णांचे नातेवाईक ऑक्सिजनच्या खाटेसाठी एका रुग्णालयातून दुसऱ्यात वणवण फिरत होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रश्न अवेळी उपस्थित केला असे वाटणार नाही.

करोनाकाळातील निर्णयांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा 'केंद्राचे चुकले' किंवा 'राज्याचे चुकले' एवढ्यावर थांबते आणि पुढे राजकारणात विरून जाते. निर्णय कोणी घ्यायचा हाच प्रश्न ब्रिटनमध्ये स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या प्रदेशांच्या सरकारांपुढे होता. आपल्या राज्यांना अधिकार राज्यघटनेने दिलेले आहेत. त्या सरकारांना ते लंडनच्या संसदेने १९९८ मध्ये कायदे करून सोपवले आणि तत्त्वतः तीच संसद ते काढूनही घेऊ शकते. म्हणजे कागदावर पाहिले तर आपले राज्य अधिक भक्कम पायावर उभे आहे. प्रत्यक्षात मात्र उलटे घडले. १० मे २०२० रोजी लंडनच्या सरकारने इंग्लंडसाठी 'घरीच राहा' ऐवजी 'सावध राहा' असा संदेश सुरू केला, तेव्हा तिन्ही प्रादेशिक सरकारांनी तो स्वीकारायला नकार दिला आणि आपापल्या लोकांना आणखी काही काळ घरीच राहायला सांगितले. आरोग्य हा विषय त्यांच्याकडे असल्याने तसे करण्याचा त्यांना अधिकार होता आणि तो त्यांनी वापरला.

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेले आहे. तरीही २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि केंद्राने घातलेले निर्बंध राज्यांना सैल करता येणार नाहीत असेही बजावण्यात आले. पुढे २९ ऑगस्ट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तर, प्रतिबंधित क्षेत्राबाहेर स्थानिक टाळेबंदी लावायची असेल तर राज्यांनी आधी केंद्राशी विचारविनिमय करावा, असे कलम आले. म्हणजे निर्बंध सैल करायचे नाहीत आणि कडक करायचे तरी विचारून करायचे. राज्याच्या हाती १८९७ चा साथरोग कायदा होता आणि महाराष्ट्राने १४ मार्च २०२० ला त्याखाली नियमावलीही काढली, परंतु त्या नियमावलीने अधिकार दिले ते जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांना. आपण निवडून दिलेली महापालिकेची महासभा या साखळीत कुठेच नव्हती. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या विषयांमध्ये सार्वजनिक आरोग्याचा स्पष्ट उल्लेख असूनही तिला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर तिनेही फारसा आग्रह धरलेला दिसला नाही.

अधिकार खाली दिले की सारे सुरळीत होते, असा माझा दावा नाही. वेल्सचे उदाहरण त्याविरुद्धच जाते. तेथील तत्कालीन प्रमुख मंत्री मार्क ड्रेकफर्ड यांच्या सरकारने २३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२० अशी छोटी टाळेबंदी लावली. ब्रिटनच्या करोना चौकशी आयोगाचा जो अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ती उशिरा लावली गेली आणि नंतरचे निर्बंध फार लवकर सैल केले गेले, असा ठपका आहे. २०२० च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात वेल्समधील मृत्युदर इंग्लंडसह चारही प्रदेशांत सर्वाधिक होता, असेही त्यात नोंदवले आहे. याच टाळेबंदीत सुपरमार्केटना 'अत्यावश्यक नसलेला' माल विकायला बंदी होती आणि कपड्यांचे व घरगुती वस्तूंचे कप्पे झाकून ठेवावे लागले. त्यावरून तेथे जो गदारोळ झाला तो वाचताना, स्टीलचा डबा अत्यावश्यक आहे की नाही यावर आमच्या भांड्यांच्या बाजारात झडलेल्या चर्चा आठवल्या. उलट स्कॉटलंडने त्याच शरद ऋतूत जिल्हावार कडक निर्बंध लावून रुग्णवाढ आटोक्यात ठेवली, अशी नोंद त्याच अहवालात आहे. मोकळीक दोघांनाही सारखीच होती. एकाने ती वेळेवर वापरली आणि दुसऱ्याने उशिरा.

वेल्सच्या प्रकरणातली खरी शिकवण मात्र पैशाची आहे. टाळेबंदीचा आदेश कार्डिफने, म्हणजे वेल्सच्या राजधानीतील सरकारने, काढला, पण घरी बसलेल्या कामगारांचे वेतन देणारी योजना लंडनच्या अर्थखात्याच्या हाती होती. जुनी योजना ऑक्टोबरअखेर संपत होती आणि नवी १ नोव्हेंबरपासून सुरू होणार होती. ती आठवडाभर अलीकडे आणावी ही वेल्सची विनंती अर्थखात्याने मान्य केली नाही. त्यानंतर ३१ ऑक्टोबरला इंग्लंडवरच टाळेबंदीची वेळ आली, तेव्हा तीच जुनी योजना ८० टक्के वेतनासह पुढे चालू ठेवण्याची घोषणा एका संध्याकाळी झाली. महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. २०२० च्या उत्तरार्धात वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्ये केंद्राकडे हात पसरून उभी होती आणि अखेरीस त्यांना भरपाईच्या जागी कर्ज मिळाले. त्यामुळे एप्रिल २०२१ मध्ये राज्याने 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लावताना जाहीर केलेली ५,४७६ कोटी रुपयांची मदत तुटपुंजी होती म्हणून सगळा दोष एकट्या मुंबईला देणे न्यायाचे होणार नाही. दोष द्यायचा तो तिच्या आखणीला. पथविक्रेत्याला दीड हजार रुपये, पण तो नोंदणीकृत असला तर. रिक्षाचालकाला दीड हजार, पण परवाना त्याच्या नावावर असला तर. नाशिकच्या शालिमार भागातील पदपथावर बसणाऱ्यांपैकी किती जणांपाशी नोंदणीचा कागद असतो आणि शहरात दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणारे किती आहेत, हे महापालिकेच्या विभागीय कार्यालयातल्या कारकुनालाही तोंडपाठ असते. त्याला कोणी विचारले नसावे.

शहराने स्वतःच्या डोक्याने काही केलेच नाही असेही नाही. मार्च २०२१ च्या अखेरीस पोलीस आयुक्तालय आणि महापालिका यांनी मुख्य बाजारपेठांत शिरण्यासाठी पाच रुपयांची पावती लावली. एका तासात खरेदी उरकून बाहेर पडायचे आणि वेळ टळली तर पाचशे रुपये दंड. या प्रयोगाची देशभर थट्टा झाली. मला तो अगदीच हास्यास्पद वाटला नाही, कारण सरसकट बाजार बंद करण्यापेक्षा गर्दीला मोजमाप लावण्याचा तो एक प्रयत्न होता. पण आठवडाभरात राज्याचा नवा आदेश आला, दुकानेच बंद झाली आणि त्या पावतीने गर्दी खरोखर कमी झाली होती का, हे कोणी जाहीर केले नाही. प्रयोग केला आणि त्याची नोंद ठेवली नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा अंदाजानेच चालावे लागते.

आदेश खालच्या पातळीवर कसे पोहोचत होते, याचा एक अनुभव सांगतो. माझे भांड्यांचे दुकान जुन्या नाशकात दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर आहे; एक शटर एका गल्लीत उघडते, दुसरे दुसऱ्या. जून २०२० मध्ये 'पुनश्च हरिओम' म्हणून बाजार उघडले, तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि समोरच्या बाजूची दुसऱ्या दिवशी, असा सम-विषमचा नियम होता. एका गल्लीच्या हिशेबाने माझी पाळी सम तारखेला येत होती आणि दुसऱ्या गल्लीच्या हिशेबाने विषम तारखेला. अर्थ लावाल तसा लागत होता; मी रोज दुकान उघडू शकत होतो किंवा कधीच नाही. खुलासा मागायला गेलो तर एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "वरून आदेश आहे, आम्ही काय करणार?" लेखी काही द्या म्हटले तर ते नुसते हसले. शेवटी बीटवरच्या हवालदाराने एक शटर कायम खाली ठेवायला सांगितले आणि प्रश्न मिटवला. राज्यातला सर्वांत व्यवहार्य निर्णय त्या दिवशी त्याने घेतला असे मला आजही वाटते.

याच्या तुलनेत ७ जून २०२१ पासून लागू झालेली पाच स्तरांची पद्धत (स्तर जितका वरचा, तितके निर्बंध कडक) पुष्कळ सरस होती, हे मान्य करायला हवे. बाधितांचे साप्ताहिक प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर ठरत होता आणि आज आपण कुठे आहोत हे कोणालाही तपासता येत होते. स्कॉटलंडमध्येही नोव्हेंबर २०२० पासून शून्य ते चार असे पाचच स्तर होते. तेथे मे २०२१ मध्ये बहुतेक भाग दुसऱ्या स्तरावर उतरले, तरी ग्लासगो मात्र ५ जूनपर्यंत तिसऱ्या स्तरावर अडकून पडले होते आणि व्यापारी संतापले होते. पण का अडकलो हे त्यांना आकड्यांसह सांगितले जात होते. आपल्या पद्धतीतली उणीव तिच्या सीमारेषांत होती. २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांना स्वतंत्र घटक मानल्यामुळे नाशिक शहर वेगळे झाले, पण स्वतःची महापालिका असलेले मालेगाव मात्र सुरगाणा, पेठ आणि येवल्यासह उरलेल्या जिल्ह्याच्या एकाच मापात मोजले गेले. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये रुग्णसंख्येमुळे राज्याचे लक्ष वेधून घेतलेल्या, दाट वस्तीच्या आणि यंत्रमागावर जगणाऱ्या या शहराचा आदिवासी पाड्यांशी काय मेळ? त्यातच २५ जूनच्या आदेशाने, आकडे कितीही चांगले असले तरी कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली उतरणार नाही असे ठरले. डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराची भीती खरी असेलही, पण मोजमाप लावून नंतर मोजमापाचा परिणामच रद्द केला की लोकांचा आकड्यांवरचा विश्वास उडतो.

राहिला प्रश्न जाब देण्याचा. स्कॉटलंडने स्वतःचा स्वतंत्र चौकशी आयोग नेमला. वेल्स सरकारने तसे करायला नकार दिला, तेव्हा मृतांच्या नातेवाइकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ब्रिटनच्या आयोगापुढे स्कॉटलंडच्या करोनाकाळातील प्रमुख मंत्री निकोला स्टर्जन यांना, आपले व्हॉट्सअ‍ॅप संदेश का राखले नाहीत, याचे उत्तर जानेवारी २०२४ मध्ये शपथेवर द्यावे लागले. आपल्याकडे २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले, तेव्हा विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ती चौकशी एका टाकीपुरती होती. खाटा किती वाढवायच्या, बाजार समित्या मे महिन्यात का बंद ठेवायच्या, शेतकऱ्याने त्या दिवसांत तयार भाजीचे काय करायचे, हे निर्णय कोणत्या टिपणीवर झाले याचा हिशेब नाशिककरांपुढे कधी मांडला गेला नाही. महापालिकेची मुदतच मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार राहिल्याने हे विचारायला सभागृहही उरले नाही.

म्हणून कुंभमेळा प्राधिकरण, जिल्हा प्रशासन आणि महापालिका यांनी मिळून सिंहस्थापूर्वी एक साथरोग आराखडा प्रसिद्ध करावा, अशी माझी मागणी आहे. कोणत्या आकड्याला कोणता निर्बंध लागेल, तो उठवण्याचा अधिकार कोणाचा, मालेगाव, देवळाली छावणी आणि त्र्यंबकेश्वर यांचा हिशेब वेगळा होईल की एकत्र, आणि आदेशाचा खुलासा लेखी कोणी व किती तासांत द्यायचा, हे त्यात सोप्या मराठीत असावे व त्याची प्रत प्रत्येक विभागीय कार्यालयात आणि बाजार समितीत लावावी. सर्व निर्णयांची कारणे आदेशासोबत छापली जावीत. बंदच्या काळात हातावर पोट असणाऱ्यांना द्यायच्या मदतीसाठी वेगळे लेखाशीर्ष सिंहस्थाच्या निधीतच आताच उघडावे आणि नोंदणीचा कागद नसलेल्या पथविक्रेत्यांची यादी प्रभागनिहाय आजपासून करायला घ्यावी. यासाठी नवा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही.

आपला नम्र,
एक भांडी व्यापारी, जुने नाशिक