टॉवर होऊ देत, पण आमचे तीस मेंबर कुठे जेवणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लोअर परळच्या नवीन रेस्टॉरंट आणि कॅफेची पानभर यादी आली होती, कुठे काय खायचं, कुठे टेबल आधी बुक करावं लागतं वगैरे. सुनेने मोठ्याने वाचून दाखवली, मी तेव्हा पोळ्या लाटत होते. मी डिलाईल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गावर, एका जुन्या चाळीत दहा बाय सोळाच्या खोलीत राहते आणि तिथेच खानावळ चालवते, आधी माझी आई चालवायची, आता मी. सध्या तीस मेंबर, म्हणजे महिन्याचे पैसे देऊन जेवणारे, आहेत. तुमच्या यादीत आमचं नाव यावं असं माझं म्हणणं नाही, पण त्या यादीतल्या जागा ज्या माणसांच्या जिवावर चालतात ती माणसं कुठे जेवतात हे एकदा छापून यावं म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझे मेंबर कोण ते आधी सांगते. दोन पोरं रेस्टॉरंटच्या किचनमधे कॉमी आहेत, म्हणजे कांदा कापण्यापासून सगळं करणारे. चौघं गाड्या पार्क करतात. सहा-सात सिक्युरिटीवाले, बारा-बारा तास उभे. मॉलमधे हाऊसकीपिंग करणाऱ्या पाच बायका, त्या कळवा-दिव्यावरून येतात आणि पहाटे पाचची लोकल पकडायची असल्यामुळे डबा करायला वेळच नसतो. ऑफिसबॉय आहेत, एक कुरियरवाला आहे. आणि आठ पोरं गावकऱ्यांच्या खोलीतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चंदगड-आजऱ्याकडच्या गावांनी गिरणीच्या काळात इथे मंडळाच्या नावावर खोल्या घेतल्या होत्या, गावातला कुणीही पोरगा नोकरीला आला की त्याची ट्रंक त्या खोलीत ठेवायची आणि वळकटी गॅलरीत. त्यातल्या काही खोल्या अजून चालू आहेत. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होता आणि नातू कॅफेत कॉफी बनवतो, दोघांची ट्रंक त्याच कोपऱ्यात.

आता कुणी म्हणेल की रेस्टॉरंटमधे स्टाफला जेवण असतंच की. असतं, पण जे किचनमधे आणि टेबलावर आहेत त्यांना, दुपारी चारला डाळभात आणि मग रात्री सगळं आवरल्यावर. दारावरचा सिक्युरिटी एजन्सीचा, गाडी लावणारा दुसऱ्याच कंत्राटदाराचा, साफसफाई तिसऱ्याची, त्यांना त्यात कोण धरत नाही. आणि किचनमधल्या पोरांनाही सकाळी ड्युटीला जायच्या आधी काहीतरी पोटात लागतंच. मी दोन वेळचे महिन्याला ३,२०० घेते. तीन पोळ्या किंवा भाकरी, एक सुकी भाजी, आमटी, भात. बुधवारी अंडी, रविवारी मटण नाहीतर मासे. खाडा, म्हणजे जेवायला न येण्याचा दिवस, आदल्या रात्री सांगितला तर त्या दिवसाचे पैसे कापते, हा आईचा नियम, तो मी बदलला नाही.

आईच्या वेळेला हेच सगळं गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या पाळीचे आधी, मग दुसरी पाळी, मग रात्रपाळीवाले, चूल थंड व्हायची ती तीन-चार तास. कोकणातल्यांना भात आणि सुकटीचं कालवण, घाटावरच्यांना भाकरी. आई सावकाराकडून पैसे उचलायची आणि धान्य भरायची, व्याजातच सगळं जायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यांच्यातर्फे आईला बँकेचं कर्ज मिळालं, आयुष्यात पहिल्यांदा तिने बँकेत सही केली, ती सही करायला ती आठवडाभर पाटीवर शिकत होती हे मी स्वतः बघितलंय. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला. अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारख्या खानावळीसुद्धा, फक्त आमचं नाव त्या आकड्यात कधी आलं नाही. आईने सात-आठ महिने उधारीवर जेवायला घातलं. मेंबर गावाला निघून गेले, काही जणांनी पाच-पाच वर्षांनी येऊन पैसे चुकते केले, काही आलेच नाहीत. मंगळसूत्र गहाण पडलं ते पडलंच. पण खानावळ तिने बंद केली नाही.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते तुमच्याच पेपरात वर्षानुवर्षं आलंय, मी परत काय सांगणार. १९९१ च्या नियमात तीन वाटे होते, एक पालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मधे नियम असा बदलला की वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. गिरणीत मोकळी जमीन असते किती, सगळी तर शेड आणि चिमण्या. त्यामुळे फिनिक्स काय, कमला काय, मथुरादास काय, जिथे बाप आणि काका राबले तिथे आज हॉटेलं आणि ऑफिसं आहेत. माझा त्या हॉटेलांवर राग नाही, हे मनापासून सांगते. माझ्या मेंबरांची पोटं त्यांच्यावर आहेत. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल कंपाऊंडमधे गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले तेव्हा माझा एक मेंबर तिथल्याच दुसऱ्या हॉटेलात ड्युटीवर होता, पहाटेपर्यंत त्याचा फोन लागत नव्हता, मी गॅलरीत उभी होते. सकाळी आला, अंगाला धुराचा वास, बसला आणि काही न बोलता चहा प्यायला. मग २०१८ च्या जुलैत डिलाईल रोडचा पूल बंद झाला तो पूर्ण उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला, एवढी वर्षं पलीकडचे मेंबर स्टेशनच्या जिन्यावरून वळसा घालून जेवायला येत होते. वडापाव तिकडेही मिळत होता, तरी येत होते. माणसाला दिवसातून एकदा बसून, कुणीतरी वाढलेलं जेवण लागतं.

आता मुद्द्यावर येते. आमची चाळ १९४० च्या आधीची, सेसची, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा कर भरणारी, बिल्डिंग आहे, रिडेव्हलपमेंटला निघालीय. ५१ टक्के संमती लागते, आमच्याकडे त्याहून खूप जास्त झाली, मीही सही केली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पावसाळ्यात जिन्याला टेकू लावून किती वर्षं काढायची, कॉमन संडास म्हाताऱ्या माणसाला किती दिवस जमणार. १६० फुटाच्या खोलीचं ३०० फुटाच्या वर घर मिळणार, आतमधे संडास-बाथरूम, लिफ्ट. वरळीच्या बीडीडी चाळींच्या रिडेव्हलपमेंटमधे २०२५ च्या ऑगस्टमधे पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा माझी मावसबहीण नव्या घरात रडली, मीही रडले. ज्यांना चाळीचं फार कौतुक आहे त्यांनी एकदा राहून बघावं.

पण मीटिंगमधे नकाशा दाखवला तेव्हा मी विचारलं की माझी खानावळ कुठे येईल. आर्किटेक्टचा माणूस शांतपणे म्हणाला, "मावशी, तुमची रूम रेसिडेन्शियल आहे. गुमास्ता, म्हणजे धंद्याचं लायसन्स, आहे का? लाईट बिल कमर्शियल आहे का? मग तुमचा धंदा कागदावर नाहीये." तो खोटं बोलला नाही. नियम असाच आहे, ज्याचा तळमजल्यावर दुकानाचा गाळा आहे त्याला तेवढाच गाळा नव्या बिल्डिंगमधे मिळतो. वाण्याला मिळेल, सलूनला मिळेल, मिळायलाच हवा. पण जिने राहत्या खोलीत पन्नास वर्षं स्वयंपाक केला, जी जिन्याखाली पोळीभाजी विकते, जी ओट्यावर बसून सकाळी घावणे आणि चटणी देते, तिचं नाव कुठल्याच कॉलममधे नाही. आमच्या एका चाळीत अशा चार बायका आहेत. नव्या घरात करा म्हणाले. एकविसाव्या मजल्यावर, सिक्युरिटीला नाव सांगून, रजिस्टरमधे सही करून, दिवसातून दोनदा तीस परकी माणसं लिफ्टने वर येणार, हे कुठली सोसायटी चालवून घेईल? मी स्वतः कमिटीवर असते तर मीही नाही म्हटलं असतं.

रस्त्याकडच्या बाजूला मोठे गाळे काढलेत, ते सेलचे, म्हणजे बिल्डरने विकायचे. त्याचा भाव ऐकूनच कळतं की तिथे कॅफे येणार नाहीतर सोन्याचं दुकान. त्यावर तीन मजले पार्किंग. गाड्यांना तीन मजले आहेत हो, आणि जेवणाऱ्या माणसांना एक खोली नाही.

याचं पुढे काय होतं ते मला शेजारच्या चाळीवरून माहीत आहे. तिथला टॉवर उभा राहिला, तिथल्या दोन खानावळी गेल्या, आणि त्यांचे मेंबर आता दुपारी फूटपाथवर उभ्याने वडापाव खाताना दिसतात, रात्री बिस्किटं आणि चहा. डिलिव्हरीची पोरं हॉटेलाच्या बाहेर बाईकवर बसून असतात, पाठीवर लोकांचं जेवण, आणि स्वतःला दुपारपासून काही नाही. एका पोराला पित्ताचा त्रास सुरू झाला, केईएमला नेलं, डॉक्टरनी सांगितलं वेळेवर जेव. वेळेवर कुठे जेवणार ते डॉक्टर तरी कुठून सांगणार. सरकारने २०२० मधे शिवभोजन थाळी काढली, दहा रुपयात, चांगलीच गोष्ट होती, पण थाळी चालवायलाही रस्त्यालगत जागा लागते, आणि जागाच तर आमच्या भागात कुणाकडे उरली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते तुम्ही ठळक छापावं ही विनंती. रिडेव्हलपमेंटचा प्लॅन पास करताना त्या चाळीत किती बायका घरातून जेवण देतात याची नोंद करा, दारोदार जाऊन करा, भाडेकरूंची यादी करता तशीच. आणि तळमजल्यावर एक गाळा, फार मोठा नको, तीनशे-चारशे फूट, पाण्याचं कनेक्शन आणि धूर बाहेर जायची सोय असलेला, बचत गटाला परवडेल अशा भाड्याने द्या. विकत नकोय, फुकटही नकोय. चार बायका पाळीपाळीने चालवतील, सकाळी घावणे, दुपारी-रात्री खानावळ. बिल्डरच्या एवढ्या मोठ्या हिशोबात तो एक गाळा काही जड नाही. आणि जे टॉवरमधे नवीन राहायला येणार आहेत त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला, त्यांच्या ड्रायव्हरला, गेटवरच्या माणसालाही जेवायला जागा लागणारच आहे.

आणि ज्या चाळींच्या सह्या अजून व्हायच्या आहेत, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, शिवडी, तिथल्या माझ्यासारख्या बायकांना हात जोडून सांगते, सही करण्याआधी ॲग्रीमेंटमधे हा गाळा लिहून घ्या, नंतर कोण ऐकत नाही. गुमास्ता काढून ठेवा. एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याच्या धंद्याचं सरकारी, रजिस्ट्रेशन करा, मी उशिरा केलं, तेव्हा शंभर रुपये भरले होते, पण मीटिंगच्या आधी केलं असतं तर त्या माणसासमोर ठेवायला माझ्या हातात निदान एक कागद असता. लाज बाळगू नका, घरात करतो म्हणून तो धंदा नाही असं काही नसतं.

आम्हाला दिवाळीनंतर खोल्या खाली करायच्या आहेत. मला नवं घर होईपर्यंत बिल्डरकडून भाडं मिळेल, मी मुलाबरोबर डोंबिवलीला जाईन, माझं काही अडणार नाही. मेंबर रोज विचारतात, मावशी पुढे काय, मी विषय बदलते.

आईने मेंबरांच्या वह्या जपून ठेवल्यात, १९७६ पासूनच्या, संपाच्या वर्षाच्या उधारीसकट, एका पत्र्याच्या पेटीत आहेत. माझ्या वह्या वेगळ्या. कोण किती दिवस जेवला, किती खाडे, किती पैसे, सगळं लिहिलेलं आहे. आमचा धंदा कागदावर नाही असं ज्यांना वाटतं त्या पालिकेच्या किंवा म्हाडाच्या साहेबांनी, किंवा तुमच्या वार्ताहराने, त्या वह्या येऊन बघाव्यात. दुपारी तीन ते पाच या वेळात या, तेव्हा गॅस बंद असतो आणि मला बसून बोलता येतं.

आपली नियमित वाचक,
ना. म. जोशी मार्ग, मुंबई