आधी नोंदणी तपासा, मग अर्ज करा

गावातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद बीएएमएस (आयुर्वेद), बीयूएमएस (युनानी) आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी चांगली संधी आहे. मात्र अर्ज अडतो तो साध्या कारणाने: पदवी हातात असते, पण आपापल्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण राहिलेले असते. जाहिरातीची वाट न पाहता नोंदणीची मुदत आजच पाहावी. नेमणूक कंत्राटी. महिन्याच्या मानधनातले 25 हजार ठरावीक, वरचे 15 हजारांपर्यंत कामगिरीवर. घरखर्चाचा हिशेब 25 हजारांवरच मांडावा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर तपासून ऑनलाइन नोंद करावी लागते. डोंगराळ गावात रेंज नसली की नोंद मागे पडते आणि केलेल्या कामाचे पैसे बुडतात. अशा उपकेंद्रांची वहीतली नोंद प्रशासनाने ग्राह्य धरावी.

— एक वाचक